छोटा कॅन

"ताई, झाकण कुठे ठेवू ते सांगा. मागे रांग थांबलीय."

पैलवानाने दुसऱ्यांदा विचारलं. पैलवान म्हणजे डेअरीच्या धक्क्यावर कॅन उचलणारा हमाल. अंगाने काडी, म्हणूनच ते नाव. त्याच्या हातात छोट्या कॅनचं झाकण होतं आणि त्या कॅनची मालकीण, एक वाळकी म्हातारी, झाकणाकडे नव्हे तर ताईच्या तोंडाकडे बघत होती.

ताई पुन्हा वाकली. या धक्क्यावर मशीन बिशीन काही नव्हतं. होतं ते ताईचं नाक. झाकण उघडलं की पहिला श्वास घ्यायचा, कारण दुसऱ्या श्वासापर्यंत झाकणाखाली कोंडलेला वास उडून जातो. दूध चांगलं असलं की झाकण उलटं करून कॅनवर ठेवायचं. खराब असलं की झाकण खाली, जमिनीवर. झाकण जमिनीवर गेलं की त्या दुधात पैलवान निळ्या रंगाची पळी ओतायचा, म्हणजे ते दुसरीकडे कुठे खपायला नको. पुढे प्रयोगशाळा होती, पण तिथे जायचं ते ताईने पास केलेलं दूध. परत पाठवलेल्या दुधाला कुणी विचारत नसे. ताई म्हणाली, म्हणजे झालं.

अकरा वर्षं हे असं चाललं होतं. या अकरा वर्षांत ताईने सुगंधी साबण लावला नव्हता, केसांना वासाचं तेल लावलं नव्हतं, कामावर येण्याआधी कच्चा कांदा खाल्ला नव्हता. लग्नात सुद्धा नवऱ्याकडच्यांनी अत्तर पुढे केलं तेव्हा तिने हात मागे घेतला होता आणि करवल्या आठवडाभर हसत होत्या.

"ताई?"

आंबूस. आंबूस आणि त्याखाली काहीतरी कुजकं, फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही तर येतो तसं. काल आला होता, परवा आला होता, तोच वास. शंकाच नको.

"खाली," ती म्हणाली.

झाकण फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. पैलवानाने रंगाची पळी उचलली, पण ओतली नाही. "तिसरी वेळ आहे बरं का," तो हलकेच म्हणाला.

ते ताईलाही ठाऊक होतं. लागोपाठ तीन वेळा झाकण खाली गेलं की कार्ड बंद, हा नियम. कार्ड बंद म्हणजे दूध घरीच ठेवा.

"मावशी, कॅन नीट धुतला होता ना?" ताईने विचारलं.

"तीनदा धुतला, बाई. राखेने घासला, मग उकळत्या पाण्याने." म्हातारीने आपले लाल झालेले तळवे दाखवले, शाळेतलं पोर छडीला हात पुढे करतं तसे. "पण तुमचं नाक म्हणतंय म्हणजे असणार. गाईलाच काहीतरी झालं असेल. मला मेलीला आपला वास येत नाही, वय झालं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. बाकीचे भांडतात, शिव्या देतात, ताईच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. म्हातारीने नुसतं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, पैलवानाने अखेर पळी ओतल्यावर निळ्या दुधाचा कॅन उचलला आणि उजवा खांदा खाली पाडून फाटकाबाहेर गेली.

"पुढचा," ताई म्हणाली. आणि डोळ्यांमधला ठणका दाबायला तिने दोन बोटं नाकाच्या मुळाशी रोवली.

*

सर्दी नऊ दिवसांची होती. आधी साधी वाहती, मग घट्ट, मग गाल जड झाले आणि दात दुखायला लागले. दात ठीक होते. दुखत होती ती गालामागची पोकळी. घरी सासूबाईंनी ताबा घेतला होता. सासूबाई म्हणजे उपायांचं भांडार, पण शिस्त कडक.

"बाम लावू का थोडा?" पहिल्या दिवशी नवऱ्याने विचारलं होतं.

"बाम लावलास तर उद्या ही धक्क्यावर बामाचाच वास घेत बसेल," सासूबाई कडाडल्या होत्या. "नुसती वाफ. पाण्यात काही नाही. आणि पातेलं ओट्याच्या आतल्या बाजूला, बाळाचा हात पोचता कामा नये."

मग रोज तेच. सकाळ-दुपार डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ. गालांवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून, बारीक तोटीच्या भांड्याने एका नाकपुडीतून आत आणि दुसरीतून बाहेर. दिवसभर कोमट पाण्याचे पेले. झोपताना दोन उशा.

"पहिल्या दिवशी इकडून गेलेलं पाणी तिकडून आलंच नाही," ताई नवऱ्याला सांगायची. "आई म्हणाल्या, नाक आहे की कुलूप!"

पण धक्क्यावर मात्र तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. काय सांगायचं? पहिले काही दिवस जीव टांगणीला लागला होता. मोठे कॅन कंबरेएवढे उंच, त्यांच्यावर नुसती मान झुकवली की झालं; त्यांतून तिला जेमतेम अंधूक काहीतरी यायचं आणि ती भीत भीत झाकण उलटं ठेवायची. प्रयोगशाळेतून तक्रार आली नाही की सुटकेचा श्वास टाकायची. आणि मग परवा, म्हातारीच्या त्या छोट्या, गुडघ्याएवढ्या कॅनवर ती पार दुमडून वाकली आणि वास आला. लख्ख आला. त्या क्षणी तिला काय वाटलं हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला आनंद झाला होता. येतंय! अजून येतंय! झाकण जमिनीवर ठेवायला सांगताना तिचा आवाज उत्साहाने थोडा चढलाच होता.

*

दुपारी ती घरी आली तेव्हा सासूबाई बाळाला आंघोळ घालायच्या तयारीत होत्या.

"तू बैस, मी घालते," त्या म्हणाल्या. "डोळे बघ कसे सुजलेत. उद्या दहावा दिवस. उद्या उतार नसेल तर डॉक्टर, सांगून ठेवते. घरचे उपाय करा म्हणते मी, घरीच मरा म्हणत नाही."

"मीच घालते हो. दिवसभरात तेवढीच तर मिळते मला ती."

दहा महिन्यांची पोर टबात पाणी थापटत बसली होती. तिला पावडर नाही, वासाचा साबण नाही. आईच्या नोकरीचं पथ्य तिलाही लागू. त्यामुळे तिच्या टाळूचा वास फक्त तिचा होता. कामावरून आल्यावर ताई आधी तो वास घ्यायची आणि मगच तिचा दिवस संपायचा. नऊ दिवस तोही मिळाला नव्हता.

तिने पोरीच्या डोक्यावर पाणी ओतलं, पुसलं, आणि टबावर वाकून टाळूला नाक लावलं.

आंबूस. आणि त्याखाली कुजकं.

"आई! आई, इकडे या आधी!"

"काय झालं? पडली का?"

"हिच्या अंगाला वास येतोय. कान बघा हिचा. कानात पू झाला असेल. नाहीतर तोंड. तोंड बघा ना!"

सासूबाईंनी ओल्या पोरीला उचलून घेतलं. डावा कान हुंगला, उजवा हुंगला. पोरीला वाटलं खेळ आहे, ती खिदळायला लागली. त्यांनी तोंडात बोट फिरवलं, मानेच्या वळ्या उलगडल्या, टाळू हुंगली. सगळं संपवून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"काही नाही."

"अहो, येतोय! आंबलेल्या दुधासारखा. नीट घ्या ना वास!"

"अगं, माझं नाक शाबूत आहे. पोरीला नुसता पाण्याचा आणि बाळाचा वास, दुसरा कसला येणार?"

ताईने पोरीला खेचून घेतलं. ताठ उभी राहून तिने तिला चेहऱ्यासमोर धरलं आणि हुंगलं. काही नाही. पुन्हा टाळूला नाक चिकटवलं, ताठ उभ्यानेच. काहीच नाही, भिंत हुंगावी तसं.

मग पोरीला सासूबाईंच्या हातात देऊन ती टबातल्या पाण्यावर एकटीच वाकली. स्वच्छ पाणी. गालामागे काहीतरी जड सरकलं, ठणका कपाळात चढला, आणि घशाच्या मागून तो वास आला. तिने बाजूची कोरडी बादली ओढली, तिच्यावर वाकली. आला. ती स्वयंपाकघरात गेली आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर गुडघ्यांत डोकं घालून वाकली. तिथेही तोच.

"काय चाललंय तुझं?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

ताई तशीच फरशीवर बसली.

"आई, वास माझ्यातच आहे. वाकलं की आतलं सरकतं आणि वास येतो." तिने सासूबाईंकडे पाहिलं. "सगळ्या धक्क्यावर मी वाकते ती एकाच कॅनवर."

सासूबाईंना ते लगेच कळलं नाही. ताईने सांगितलं. म्हातारीचा छोटा कॅन, तीन सकाळी, निळं दूध, टेबलावर ठेवलेलं कार्ड. सांगता सांगता तिने चपला घातल्या.

"वाफ तरी घेऊन जा!"

"आल्यावर."

*

संध्याकाळची दूधगाडी यायला अवकाश होता. शिफ्टचे साहेब काचेच्या खोलीत चहा पीत होते. ताई आत गेली आणि उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. साहेबांनी पेला खाली ठेवला, उठून दार लावलं.

"आणखी कुणाला बोललीस?"

"घरी. सासूबाईंना."

"घरचं सोड. इथे?"

"नाही."

"मग बोलूही नकोस." ते खुर्चीत बसले. "मला सांग, अकरा वर्षांत तू किती कॅन परत केलेस? शेकड्याने. उद्या ताईचं नाक चुकलं असं या भिंतीबाहेर गेलं, की ते सगळे शेकडो लोक फाटकाशी उभे. आमचंही दूध चांगलं होतं म्हणत. उत्तर कोण देणार? मी?"

"ते दूध खराबच होतं, साहेब. ही चूक तीन दिवसांची आहे."

"हे तुला ठाऊक. त्यांना कोण पटवणार?" साहेबांचा आवाज मऊ झाला. माणूस वाईट नव्हता; ताईच्या बाळंतपणात त्यांनीच तिची जागा राखून ठेवली होती. "तू चार दिवस सुट्टी घे. पाठ दुखतेय म्हण. नाक ठीक झालं की ये. मावशीचं नाव पुढच्या महिन्यात नव्याने घालू. कुणाला काही कळायला नको."

"पुढच्या महिन्यापर्यंत गाय काय करेल? दूध द्यायची थांबेल?"

"एका म्हातारीच्या पाच लिटरसाठी तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार? नाक गेलं म्हणून एकदा कागदावर आलं की पुन्हा धक्क्यावर घेता येत नाही, हा नियम मी केलेला नाही. वरून आलेला आहे. नाक नसलं तर तुझ्याकडे दुसरं काय आहे, ताई?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. खरंच, दुसरं काय होतं? शिक्षण दहावीपर्यंत. अकरा वर्षांत ती शिकली ती एकच गोष्ट.

बाहेर पैलवान रिकामे कॅन रचत होता. मधेच तो काचेतून आत बघायचा आणि बघितलं नसल्यासारखं करायचा.

"कागद द्या," ताई म्हणाली.

"विचार कर."

"केला. साहेब, ती बाई भांडली नाही हो. माझं नाक म्हणतंय म्हणजे असणार, म्हणाली. आता ती घरी बसून गाईत खोट शोधत असेल."

साहेबांनी कागद दिला. ताईने लिहिलं. तीन तारखा, तीन वेळा, कॅनचा नंबर, दूध चांगलं होतं, नाक आजारी होतं, सही. लिहिताना ती उभ्यानेच टेबलावर पार वाकली आणि तो वास पुन्हा आला. या वेळी ती दचकली नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. ड्रॉवरमधून म्हातारीचं कार्ड काढून टेबलावर सरकवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "उद्यापासून कॅन धुण्याकडे जा. धक्क्यावर प्रयोगशाळेतला तो चष्मेवाला उभा राहील."

*

म्हातारीचं घर गावाच्या टोकाला, पत्र्याच्या गोठ्याला लागून. ताई पोचली तेव्हा गोठ्याच्या दारात एक परका माणूस उभा राहून गाईचे दात बघत होता.

"मावशी, कोण हे?"

"व्यापारी," म्हातारी म्हणाली. ताईला दारात बघून तिला नवल वाटलं नाही. तिला वाटलं, आणखी काही नियम उरला असेल. "उद्या नेणार आहेत. आजारी जनावर ठेवून करू काय? तीन दिवस कडू औषध पाजलं हिला. दूध वासरालाही पिऊ दिलं नाही मी. वासरू नुसतं हंबरतंय."

"गाय आजारी नाही." ताईचा आवाज चिरकला. "दूध चांगलं होतं. तिन्ही दिवस. वास माझ्या नाकात होता, मावशी. मला सर्दी आहे, आत पू झालाय. मी चुकले."

व्यापाऱ्याने गाईचा जबडा सोडला. ताईने कार्ड पुढे धरलं. म्हातारीने त्याकडे पाहिलं, ते हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"म्हणजे मी ते निळं दूध मोरीत ओतलं..."

"चांगलं दूध होतं ते."

"आणि हिला औषध पाजलं ते?"

"त्याची गरज नव्हती."

म्हातारी गाईजवळ गेली. तिच्या गळ्याखालून हात फिरवत उभी राहिली, ताईकडे पाठ करून. ताई वाट बघत राहिली. ती ओरडेल, निदान निघ म्हणेल. म्हातारी व्यापाऱ्याला म्हणाली, "तुम्ही जा, दादा." आणि मग, तशीच पाठमोरी, "तुम्ही पण जा, बाई. मला वासरू सोडायचंय."

*

दुसऱ्या दिवशी ताई कॅन धुण्याच्या ओट्याशी उभी होती. हातात गरम पाण्याचा पाइप, पायांत रबरी बूट. दुपारी डॉक्टरांकडे जायचं सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. ओट्यापासून धक्का दिसत होता. नवीन चष्मेवाला प्रत्येक झाकणाला दोनदा हुंगत होता आणि रांग तुंबली होती.

"अहो, पहिला श्वास!" पैलवान त्याला शिकवत होता. "दुसऱ्यात काय मिळणार, चष्म्याला वाफ?"

म्हातारी रांगेत चौदावी होती. तिचा नंबर आला तशी ताईने पाण्याचा पाइप बंद केला. चष्मेवाला गुडघ्यांवर बसला. पैलवानाने झाकण उघडलं. चष्मेवाल्याने हुंगलं आणि तो तसाच थांबला. पुन्हा हुंगलं. ताईच्या हातातला पाइप घट्ट आवळला गेला.

मग तो उठला, बोटाने वर खूण केली. पैलवानाने झाकण कॅनवर उलटं ठेवलं, नेहमीपेक्षा जरा जोरातच. खणकन आवाज झाला.

दूध ओतून घेतल्यावर म्हातारी रिकामा कॅन घेऊन ओट्याकडे आली. ताई काही म्हणणार होती, पण म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती. तिने कॅन पुढे धरला. ताईने आतून धार सोडली, फिरवली, ओतलं. पुन्हा धार सोडली. कॅन आरशासारखा झाला. तिने तो दोन्ही हातांनी परत दिला.

म्हातारीने कॅन तोंडाशी नेला. त्यात नाक घातलं आणि कितीतरी वेळ हुंगत राहिली, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. आयुष्यात तिने असं कधी केलं नसेल. मग तिने मान हलवली, समाधान झालं नाही तशी, आणि कॅन पुन्हा ओट्यावर ठेवला.

"स्वच्छ आहे, मावशी," ताई म्हणाली.

ओट्यावरची काथ्याची घासणी उचलून म्हातारीने कॅनच्या तळाशी हात घातला आणि घासायला लागली. तिच्या मागे तीन माणसं आपापले कॅन घेऊन उभी होती. एकजण काहीतरी पुटपुटला. ताईने त्याला हाताने थांबवलं, पाण्याचा पाइप पुन्हा सुरू केला, आणि म्हातारीचा हात भाजू नये म्हणून थोडं थंड पाणी मिसळून धार कॅनवर धरून ठेवली.